पूर आला तर घरातल्या मांजराचं काय? फोनमध्ये आणि फोनबाहेर आधीच करून ठेवायची तयारी

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे, आणि त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं. मी पुण्यात होतो, कॉलेजच्या हॉस्टेलवर. आमच्या गल्लीत बोट आली तेव्हा आई-बाबा पहिल्या मजल्यावर पिशव्या भरून तयार होते आणि ढब्बू, म्हणजे आमचा बोका, माळ्यावर जुन्या ट्रंकेच्या मागे जाऊन बसला होता. बोटीवाले दोन-तीन मिनिटं थांबले. मागच्या गल्लीत एक म्हातारी आजारी होती, त्यांना तिकडे जायचं होतं. बाबांनी आईला बोटीत बसवलं आणि स्वतः मागे राहिले. त्या संध्याकाळी त्यांचा फोन बंद झाला. पुढे दोन रात्री मी दर अर्ध्या तासाने नंबर लावत होतो आणि दर वेळी तीच रेकॉर्ड केलेली बाई बोलत होती.

तिसऱ्या दिवशी बाबा बाजाराच्या चेनवाल्या पिशवीत ढब्बूला घालून बाहेर आले. हातावर सगळीकडे ओरखडे. आम्ही अजूनही तो किस्सा हसत सांगतो, पण त्या दोन रात्रींचं मला आजही हसू येत नाही.

या वेबसाइटवर आपण एरवी फोनची फीचर्स समजून घेतो. आज तीच फीचर्स घरातल्या प्राण्यासाठी वापरायची आहेत. बरीचशी कामं फुकट आहेत, एका रविवारी होतात. आणि काही ठिकाणी फोन उपयोगाचा नाही, तेही सांगणार आहे.

माणूस मागे राहतो म्हणून हा विषय

"आधी माणसं वाचवू, मग कुत्री-मांजरं बघू" हे ऐकायला बरोबर वाटतं. प्रत्यक्षात प्राणी मागे राहिला की त्याचा माणूसही मागे राहतो. २०१८ च्या केरळच्या पुरात थ्रिसूरमधल्या एका महिलेने आपल्या २५ कुत्र्यांशिवाय बोटीत बसायला नकार दिला होता, ती बातमी तेव्हा देशभर गाजली. अमेरिकेत २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाच्या वेळी हेच मोठ्या प्रमाणावर झालं. बचाव पथकं प्राण्यांना घेत नव्हती, म्हणून अनेक लोक घर सोडेनात. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, तिथे कायदा झाला: राज्यांना आपत्तीसाठी केंद्राचा निधी हवा असेल, तर त्यांच्या योजनेत पाळीव प्राण्यांचाही विचार असला पाहिजे.

आपल्याकडे बोटीवाला प्राणी घ्यायला नको म्हणाला तर लगेच त्याच्यावर चिडू नका. २०१९ च्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि अनेक जीव गेले. भरलेल्या बोटीत घाबरलेलं, मोकळं कुत्रं उडी मारायला लागलं तर काय होईल, हे त्याला कळतं. बंद कॅरिअरमधलं मांजर किंवा तोंडाला पट्टी आणि अंगाला हार्नेस असलेलं कुत्रं मात्र बऱ्याचदा सामान म्हणून जाऊ शकतं. म्हणजे निम्मी तयारी बोटीवाल्याला "हो" म्हणणं सोपं करण्यासाठी आहे.

अलर्ट फोनवर येतो कसा

२०२३ मध्ये एके दिवशी अचानक सगळ्यांचे फोन एकदम विचित्र आवाजात ओरडायला लागले होते, आठवतंय? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. हा एसएमएस नसतो. एसएमएस एकेका नंबरला वेगळा जातो, त्यामुळे लाखो लोकांना पाठवायला वेळ लागतो आणि गर्दीत अडकतो. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर रेडिओसारखा एकच मेसेज सोडतो आणि त्याच्या कक्षेतले सगळे फोन तो एकाच वेळी पकडतात. नंबरांची यादी लागत नाही, इंटरनेट लागत नाही, नेटवर्क जॅम असलं तरी चालतं. फक्त फोन चालू हवा आणि एअरप्लेन मोडवर नको.

त्या चाचणीला वैतागून कित्येकांनी हे अलर्ट बंद करून टाकले. आत्ता सेटिंग्स उघडा, वरच्या सर्चमध्ये "इमर्जन्सी अलर्ट" टाका, सगळं चालू आहे का ते बघा. आयफोनवर हे नोटिफिकेशन्सच्या पानावर अगदी खाली असतं.

दुसरं, "सचेत" हे अ‍ॅप. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं आहे आणि हवामान खातं, केंद्रीय जल आयोग वगैरेंचे इशारे एका जागी दाखवतं. माझ्यासारखे जे शिकायला-नोकरीला बाहेर आहेत त्यांनी यात गावाकडचा जिल्हाही टाकून ठेवावा. घरच्यांना कळायच्या आधी कधी कधी आपल्याला कळतं. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं "दामिनी" आहे. कुत्र्याला शेतावर किंवा टेकडीवर मोकळं सोडणाऱ्यांनी तर ते ठेवावंच.

कृष्णा-पंचगंगेचा पूर बहुतेकदा सांगून येतो. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आणि सांगलीत पाणी चढणं यात बरेच तास जातात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. या दोन आकड्यांमधला वेळ हाच तुमचा वेळ. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये लोकांना तेवढी उसंत मिळाली नाही, आणि आग किंवा भूकंप तर काहीच सांगत नाही. म्हणून आमच्या घरी आता एक साधा नियम आहे: पाणी इशारा पातळीला लागलं की सगळ्यात आधी मांजर खोलीत घेऊन दार लावायचं. पिशव्या, कागद, गॅस सगळं त्यानंतर. घाबरलेलं मांजर लपतं, आणि लपलेलं मांजर दहा मिनिटांत सापडत नाही. २०१९ मध्ये आमचं चुकलं ते नेमकं इथे.

चिप, टॅग, ट्रॅकर: कशाने काय होतं

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, त्यामुळे थोडं सावकाश.

"कुत्र्याला चिप बसवली आहे, हरवला तर फोनवर दिसेल" असं मला निदान चार जणांनी सांगितलंय. तसं होत नाही. मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, डॉक्टर ती सुईने खांद्यांच्या मधल्या कातडीखाली सोडतात. तिच्यात बॅटरी नाही, जीपीएस नाही, सिम नाही. आत फक्त १५ आकडी नंबर असतो. रीडर अगदी जवळ, काही सेंटिमीटरवर आणला की त्याच्या लहरींवरच चिप क्षणभर जागी होते आणि नंबर सांगते. हे काम १३४.२ किलोहर्ट्झवर चालतं. तुमच्या फोनमधलं एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं. म्हणून फोन कितीही महागाचा असला तरी त्याने ही चिप वाचता येत नाही, दवाखान्यातला रीडरच लागतो.

मग चिप कशाला? कारण पट्टा निघून जातो, चिप जात नाही. दुसऱ्या गावात, दुसऱ्या दवाखान्यात सापडलेलं कुत्रं तुमचंच आहे याचा तो पुरावा आहे. पण तो नंबर कुठल्या तरी डेटाबेसमध्ये तुमच्या मोबाइल नंबराशी जोडलेला असेल तरच. चिप बसवताना डॉक्टरांना विचारा की नोंद कुठे केली, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. मोबाइल नंबर बदलला की तिथेही बदला. नाही तर एखाद्या टेबलमध्ये रो आहे पण फॉरेन की कशालाच लागत नाही, अशी गत. (सवय, माफ करा.)

ब्लूटूथ टॅग, म्हणजे एअरटॅग आणि त्याचे भाऊबंद, हेही स्वतः काही सांगत नाहीत. ते फक्त "मी इथे आहे" असा बारीक सिग्नल सोडत असतात. जवळून जाणारा कुणाचा तरी फोन तो ऐकतो आणि स्वतःच्या इंटरनेटवरून जागा कळवतो. पुण्यात लक्ष्मी रोडवर हे झकास चालेल. अर्धी गल्ली रिकामी, वीज नाही, टॉवर बंद, अशा जागी सिग्नल ऐकायला फोनच नसतो. अ‍ॅपलनेही तो वस्तूंसाठी म्हणूनच बनवलाय, प्राण्यांसाठी नाही.

जीपीएस कॉलरचं वेगळं. उपग्रहांवरून स्वतःची जागा काढायला त्याला इंटरनेट लागत नाही. पण काढलेली जागा तुम्हाला पाठवायला आतलं सिम आणि चालू टॉवर लागतो. टॉवरला बॅटरी आणि डिझेल लागतं, आणि पुरात डिझेल पोचणं अवघड. शिवाय कॉलर दर काही दिवसांनी चार्ज करायची. कुत्रं पळकुटं असेल तर एरवीसाठी जरूर घ्या, पण पुराच्या दिवशी तिच्या भरवशावर राहू नका.

क्यूआर कोडचे टॅग हल्ली फार विकले जातात. त्यात एक मेख आहे. बहुतेक कोड एका वेबसाइटची लिंक उघडतात. म्हणजे सापडवणाऱ्याकडे इंटरनेट हवं आणि ती वेबसाइट चालू हवी. त्यापेक्षा कुठल्याही फुकट क्यूआर जनरेटरमध्ये "फोन नंबर" हा पर्याय निवडून थेट नंबरच कोडमध्ये भरा. असा कोड ऑफलाइन चालतो, त्याची मुदत संपत नाही.

आणि खरं सांगू? या सगळ्यांपेक्षा चावीवाल्याकडून पत्र्याच्या बिल्ल्यावर कोरून घेतलेले दोन मोबाइल नंबर जास्त उपयोगी आहेत. ते वाचायला स्मार्टफोनसुद्धा लागत नाही. मात्र दुसरा नंबर तुमच्याच घरातल्या माणसाचा टाकू नका. पुरात तुमचा फोन बंद तर त्यांचाही बंद. दुसऱ्या शहरातल्या आत्याचा, मित्राचा टाका. आमच्या ढब्बूच्या बिल्ल्यावर आता माझा पुण्याचा आणि नाशिकच्या मावशीचा नंबर आहे.

फोटो आणि कागद

तुमच्या गॅलरीत मांजराचे चारशे फोटो असतील. त्यातले साडेतीनशे झोपलेले आणि उरलेले फिल्टर लावलेले. हरवलेला प्राणी शोधायला ते चालत नाहीत. दिवसाच्या उजेडात उभं असताना डावीकडून एक, उजवीकडून एक, चेहरा समोरून, आणि वेगळी खूण असेल तिचा जवळून एक फोटो काढा. ढब्बूचा डावा कान टोकाला फाटलेला आहे, तसं काही. एका फोटोत तुम्ही स्वतःही असा, हा माझाच आहे असं सिद्ध करायची वेळ येते तेव्हा तो कामी येतो.

आता महत्त्वाचं. गूगल फोटोजमध्ये "जागा मोकळी करा" दाबलं असेल तर मूळ फोटो फोनमध्ये नसतात, क्लाउडवर असतात. नेटवर्क नसताना तुम्हाला फक्त धुरकट चौकोन दिसतो. म्हणून हे पाच फोटो, लसीकरणाच्या पुस्तिकेची पानं, चिपचा नंबर आणि चालू औषधांची चिठ्ठी हे सगळं एका पीडीएफमध्ये करून फोनमध्येच सेव्ह करा. मग तीच पीडीएफ त्या बाहेरगावच्या नातेवाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं तर व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करतं आणि लसीची तारीख वाचता येत नाही.

२०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं तेव्हा माझी ही पीडीएफ एकदम तयार होती. फक्त ती माझ्या फोनमध्ये होती, पुण्यात. सांगलीत ढब्बू आईजवळ, आणि आईकडे तेव्हा बटनांचा फोन. जिथे ती त्याला ठेवायला घेऊन गेली तिथे रेबीजची लस कधी दिली असं विचारलं आणि तिला तारीख आठवेना. शेवटी मी फोनवर वाचून दाखवली, दुसरीकडे कुणीतरी वहीत लिहून घेतली. तेव्हापासून एक प्रिंट लॅमिनेट करून कॅरिअरच्या वरच्या कप्प्यात ठेवलेली असते. वीस रुपयांचं काम.

नेटवर्क गेल्यावर

नेटवर्क नसताना फोन टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी खातो. तेव्हा एअरप्लेन मोड लावा आणि ठरावीक वेळाने, समजा तासाला पाच मिनिटं, काढा. घरच्यांशी ही वेळ आधीच ठरवलेली असेल तर दोन्हीकडचे फोन एकाच वेळी चालू असतात. २०१९ मध्ये आम्ही एवढं जरी ठरवलं असतं तरी त्या दोन रात्री वेगळ्या गेल्या असत्या.

मोठ्या आपत्तीत दूरसंचार विभाग कधी कधी इंट्रा सर्कल रोमिंग चालू करायला सांगतो. म्हणजे तुमच्या कंपनीचा टॉवर बंद असेल तर दुसऱ्या कंपनीचा वापरता येतो. आपोआप जोडलं गेलं नाही तर सेटिंग्समध्ये मोबाइल नेटवर्क उघडा, ऑटोमॅटिक बंद करा आणि दिसेल ते नेटवर्क निवडून बघा.

गूगल मॅप्सवर आपल्या भागाचा नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. जीपीएसला नेट लागत नाही हे वर आलंच, त्यामुळे निळा ठिपका तसाही दिसतो. त्यावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात, ते साध्या एसएमएसने पाठवा. "मारुती मंदिरामागची गल्ली" यापेक्षा हे आकडे बचाव पथकाला सोपे. नंबर सेव्ह करून ठेवा: ११२ आणीबाणीसाठी, १०७७ जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी, १९६२ पशुवैद्यकीय सेवेसाठी. फोन करताना "दोन माणसं, एक मांजर, कॅरिअरमध्ये आहे" असं आधीच सांगा.

पिशवी आणि कॅरिअर

यात फार काही गुपित नाही. आठवडाभर पुरेल इतकं नेहमीचं खाणं हवाबंद डब्यात, पिण्याचं पाणी, दोन वाट्या, औषधं, जुनी चादर, मांजरासाठी माती किंवा लिटर, कुत्र्यासाठी जास्तीचा पट्टा आणि तोंडाला बांधायची पट्टी. एरवी गरीब असलेलं कुत्रंही घाबरलं की चावतं, त्यात त्याचा दोष नाही.

कॅरिअर मात्र आणून माळ्यावर टाकू नका. मांजर त्याला फक्त "डॉक्टरकडे जायचा डबा" म्हणून ओळखतं आणि दिसला की पळतं. दार उघडं ठेवून तो हॉलमध्येच राहू द्या, आत त्याची गोधडी टाका, कधी कधी जेवण आतच द्या. ढब्बूला महिना लागला. आता तो दुपारी तिथेच झोपतो आणि पाहुणे विचारतात की हे खोकं इथे का ठेवलंय.

कुठे जायचं तेही आधी ठरवा. निवारा केंद्रं बहुतेक शाळा आणि मंगल कार्यालयांत असतात, तिथे कुत्र्या-मांजरांना घेतीलच असं नाही. पूररेषेबाहेरचे दोन नातेवाईक किंवा मित्र विचारून ठेवा, आणि "मांजरासकट येणार" हे स्पष्ट सांगा. आयत्या वेळी कुणाला तरी ॲलर्जी निघते. तुम्ही ऑफिसात असताना काही झालं तर दार कोण उघडणार? शेजाऱ्यांपैकी एकाकडे चावी द्या आणि त्याच्याशी प्राण्याची ओळखही करून द्या.

नाइलाजाने सोडून जावं लागलं तर

बांधून ठेवू नका. पुरात साखळीला बांधलेलं कुत्रं पाणी चढलं की जागच्या जागी बुडतं. घरातल्या सगळ्यात वरच्या मजल्यावर मोकळं ठेवा, आतली दारं उघडी ठेवा, जड भांड्यांत भरपूर पाणी आणि कोरडं खाणं ठेवा. बाहेरच्या दारावर ठळक लिहा: आत कोण आहे, किती आहेत, आणि बाहेरगावचा तो नंबर. बाहेर पडताच नियंत्रण कक्षाला तेच कळवा.

घरी गुरं असतील तर तीच गोष्ट: दावी सोडा. जमेल तेव्हा आधीच उंचावर न्या. आणि म्हशीच्या कानातला पिवळा बिल्ला लावलाय ना, तेही बघा. त्यावरचा १२ आकडी नंबर ही तिची ओळख आहे, आणि राज्य सरकारने २०२४ मध्ये ठरवल्याप्रमाणे बिल्ला नसेल तर नैसर्गिक आपत्तीत दगावलेल्या जनावराची भरपाई मिळत नाही. नंबर दिसेल असा प्रत्येक जनावराचा फोटो आजच काढा आणि घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा.

पाणी ओसरल्यावर

परत आल्या आल्या प्राण्याला मोकळं सोडू नका. पुरानंतर सगळे वास बदललेले असतात, ओळखीची गल्लीही त्याला परकी वाटते. साप, फुटक्या काचा, उघड्या वायरी असतात. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यांना होतो आणि त्यांच्या लघवीतून माणसांनाही होऊ शकतो. कुत्र्याला त्याची लस दिली आहे का ते पावसाळ्याआधीच डॉक्टरांना विचारा.

आणि प्राणी हरवलाच, तर पोस्ट टाकताना एक खूण राखून ठेवा. फोटो, भाग, नंबर सगळं टाका, पण फाटका कान किंवा पोटावरचा डाग लिहू नका. "तुमचा कुत्रा आमच्याकडे आहे, गाडीचं भाडं आधी पाठवा" असे फोन येतात, आणि अशा वेळी माणूस पैसे पाठवतोच. आधी ती खूण विचारा. सांगता आली नाही तर व्हिडिओ कॉल करून प्राणी दाखवायला सांगा. नेटवर्कचं कारण दिलं तर साधा फोटो एसएमएसनंतर पाठवला तरी चालेल म्हणा, पण तो दिसेपर्यंत यूपीआय उघडू नका.